अजून एक वर्ष

मात्सुए, फेब्रुवारी

ती. आई आणि ती. बाबा यांना
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. पुढच्या वर्षाच्या करारावर मी सही केली आहे. जेट, म्हणजे मी जिच्यातून इथे आले ती जपान सरकारची परदेशी शिक्षकांची योजना, तिचा करार एकेका वर्षाचा असतो, फार तर ५ वर्षांपर्यंत वाढतो, आणि थांबणार की जाणार हे हिवाळ्यातच कळवावं लागतं. ‘एकच वर्ष’ असं तुम्हाला सांगून निघाले होते. तो शब्द मी मोडला, तोही तुम्हाला न विचारता, याचं फार वाईट वाटतंय. पण का मोडला ते ऐका.

बाबा, तुम्ही विचारलं होतंत, "सहाय्यक शिक्षिका म्हणजे नक्की काय करतेस?" इथे बऱ्याच प्राथमिक शाळांत इंग्रजी वर्गशिक्षकच शिकवतात. २०२० पासून पाचवी-सहावीला तो रीतसर विषय झाला. त्याआधी गाणी-खेळांवर भागत होतं. गणित सुरेख शिकवणाऱ्या आमच्या बाईंना इंग्रजीच्या तासाला घाम फुटतो. मी त्यांच्या बाजूला उभी राहते, वाक्य म्हणते, मुलांकडून म्हणून घेते. जपानीत एक ‘न्’ सोडला तर प्रत्येक अक्षर स्वर घेऊनच येतं, त्यामुळे मिल्कचं ‘मिरुकु’ होतं. तुमच्या वर्गात स्टेशनचं ‘ठेसन’ व्हायचं ना, तसंच. तुम्ही कधी हसला नाहीत. मीही हसत नाही.

पण मी एक चूक केली. पाचवीतला एक मुलगा तासाला तोंडच उघडत नाही. ऑक्टोबरात त्याची पाळी आली आणि मी हट्टाला पेटले. त्याच्या बाकाशी वाकून तेच वाक्य पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी थोडं मोठ्यानं म्हणत राहिले. वर्ग थिजला. तो खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले आणि वहीवर एक थेंब पडला. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या मुलाला उठवलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तुमच्या वर्गातली शांतता आठवत राहिली. प्रश्न विचारून तुम्ही खिडकीबाहेर बघायचात, पोराला वेळ मिळावा म्हणून. मी तुमच्याच वर्गात बसून हे रोज पाहिलं होतं, पण घेतलं नव्हतं.

इथे शाळा मुलंच झाडतात-पुसतात आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर गुडघे टेकतात. जानेवारीत बर्फ पडत होता. तो आणि मी एकाच बादलीत फडकी पिळत होतो. माझी बोटं काकडली होती. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि बादलीकडे बोट करून हळूच म्हणाला, "वोता... कोरुदो." मी म्हटलं, "येस. व्हेरी कोल्ड." त्यानं मान हलवली आणि कोपरा पुसायला निघून गेला. आई, तेव्हा माझे डोळे भरून आले. हे पोर पुढच्या वर्षी सहावीत असेल. त्याला असं सोडून मला येववत नाही.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. दुपारी मुलांबरोबर वर्गातच जेवते. पांढरे एप्रन घालून मुलंच वाढतात. महिनाभराचा मेन्यू आधीच छापून मिळतो, गोमांस असेल त्या दिवशी डबा नेते. इथल्या शिंजी सरोवरात बारीक काळ्या शिंपल्या मिळतात. त्यांचं सूप प्यायले की आपल्या तिसऱ्यांची आठवण होते, फक्त ओलं खोबरं नाही. पाऊस म्हणशील तर चिपळूणसारखाच पाठ सोडत नाही. "डबा विसर, पण छत्री विसरू नकोस" अशी म्हणच आहे इकडे. काही नाही तर त्यासाठी तरी गाव आपलं वाटतं.

बाबा, १८९० साली लाफ्काडिओ हर्न नावाचा एक लेखक याच गावात इंग्रजी शिकवायला आला होता. किल्ल्याच्या खंदकाकाठी त्याचं घर आहे, रविवारी पाहून आले. तो इथला एकच हिवाळा काढून दक्षिणेला कुमामोतोला गेला. त्या घरातल्या गारठ्यात उभी असताना त्याचं कारण मला पटलं, पण मला एकाच हिवाळ्यात निघायचं नव्हतं. सही दुसऱ्या दिवशी केली.

तुमच्या मोतीबिंदूचं मात्र मनातून जात नाही. इथलं शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्याआधी मार्चअखेरीस सुट्टी असते. माझी रजाही शिल्लक आहे. डॉक्टरांना विचारून ऑपरेशन त्याच आठवड्यात ठेवा. पहिले काही दिवस डोळ्यांत औषध मी घालीन. तारीख कळली की लगेच फोन करा. आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा इथे रात्रीचे आठ, मी घरीच असते.

आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमची हातानं रंगवलेली चित्रांची कार्डं आहेत, ती काढून ठेवा. बैलगाडीचं कार्ड नक्की हवं. परत येताना घेऊन येईन.

तुमची,
लेक