आमच्या नातवाचं ताट परत भरणाऱ्या डाएटिशियन ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुम्ही वयानं माझ्या लेकीएवढ्या, म्हणजे रीतीप्रमाणे आशीर्वाद लिहायला हवा. पण ज्याच्याकडून शिकलो त्याला नमस्कार करायचा, हे शाळेत विज्ञान शिकवताना मीच मुलांना सांगत आले. तेव्हा नमस्कारच. आभार फोनवरही मानता आले असते. पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुमचं काम नेमकं काय असतं हे कितीतरी घरांना ठाऊकच नाही. डाएटिशियन म्हटलं की साखर बंद, तूप बंद, भात बंद करणारी बाई, असा आपला समज. आमच्या घरात बंद करणारे पुष्कळ होते. चालू करणाऱ्या तुम्ही एकट्या निघालात.

कोल्हापुरात राहून दुधाशी वैर म्हणजे पंढरपुरात राहून विठोबाशी अबोला. इथं गंगावेशीत डोळ्यांदेखत म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. आमच्या ह्यांचं तरुणपण तालमीत गेलं. दूध-बदामावरच देह घडला, असं अजून सांगतात. त्या घरातल्या नातवाला नाचणीच्या खिरीतून पहिल्यांदा वरचं दूध दिलं आणि थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला, भडाभडा उलटी झाली. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी त्वचेला टोचून करायची स्किन प्रिक टेस्ट केली, रक्तातलं आयजीई, म्हणजे अशा ॲलर्जीमागची प्रतिपिंडं, बघितलं आणि सांगितलं, दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे, गाईचं काय न् म्हशीचं काय. पुन्हा असं झालं तर काय करायचं याचा कागदही लिहून दिला. त्यांनी त्यांचं काम चोख केलं.

गोंधळ त्यानंतर झाला. प्रत्येक नातेवाइकाकडे उपाय तयार. शेळीचं दूध द्या. लॅक्टोज-फ्री आणा. तूप तरी द्या, तुपात कुठं दूध असतं! आईनं दुधाचं सगळं सोडावं. त्यातच कुणाच्या तरी ओळखीनं एका लॅबचं पॅकेज आलं. थोड्याशा रक्तातून ढीगभर पदार्थांची तपासणी आणि गुळगुळीत कागदावर रंगीत रिपोर्ट. लाल रंगात गहू, अंडं, शेंगदाणे, तीळ, मूग, टोमॅटो, केळं. एवढं लाल बघून कुणाचीही छाती दडपेल. पोराला मऊ भात, दुधी आणि साबुदाण्याची पेज एवढंच उरलं, आणि वजनाच्या तक्त्यावरची रेघ आडवी झाली.

तुमची खोली जिन्याखाली. बाहेर पाटी एवढीशी, आत वजनकाटा, एक टेबल आणि भिंतीला टेकवलेल्या दोन खुर्च्या. तुम्ही रिपोर्ट शेवटपर्यंत वाचलात, पालथा घालून बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "यातलं काय खाऊन त्याला खरोखर त्रास झालाय?" सून आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. पोळीचा कुस्करा, मुगाचं वरण, केळं हे सगळं तो आधी मजेत खात होता. त्रास दुधानं झाला होता, बाकी कशानंच नाही.

मग तुम्ही समजावलंत. तो रिपोर्ट आयजीईचा नव्हे, आयजीजी नावाच्या वेगळ्याच प्रतिपिंडांचा होता. एखादा पदार्थ पोटात गेला, शरीराची त्याच्याशी ओळख झाली, की आयजीजी तयार होणं साहजिकच. त्यावरून ॲलर्जी ठरत नाही. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या अकादमीनं 2008 मध्येच सांगितलंय की अन्नाची ॲलर्जी ओळखायला ही तपासणी वापरू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या तज्ज्ञांच्या संघटनांनीही पुढे तेच म्हटलं. मला हे पटकन पटलं. सुनेला पटायला वेळ लागला, आणि बाहेर रांग असतानाही तो वेळ तुम्ही दिलात. आईची भीती अशी एका वाक्यात जात नाही, हे तुम्हाला कळत होतं.

गहू, मूग, केळं, टोमॅटो लगेच सुरू झाले. अंडं आणि शेंगदाण्यापाशी मात्र तुम्ही थांबलात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांत यांचीही ॲलर्जी असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना फोन केलात, त्यांनी तपासून हिरवा कंदील दाखवला, मगच पुढे. कुठं आपण ठरवायचं आणि कुठं डॉक्टरांकडे पाठवायचं, ही तुमची रेघ मला फार आवडली. शेंगदाण्याबद्दल तर तुम्ही घाईच केलीत. लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचं तुम्ही सांगितलंत. तो 2015 साली प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त, त्यांना तपासून लहानपणापासूनच नियमित शेंगदाणा खाऊ घातला, आणि पाचव्या वर्षापर्यंत त्यांच्यातलं शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी राहिलं. म्हणजे उगाच टाळत बसण्यातही धोका आहेच. आमच्याकडे दाण्याच्या कुटाशिवाय कोशिंबीर होत नाही, उसळ होत नाही, खिचडी होत नाही. अख्खा दाणा नको, घशात अडकेल. कूट अगदी बारीक करून वरणात कालवा, हे तुम्ही कागदावर लिहून दिलंत.

सुनेचा चहाही तुम्हीच परत दिलात. तिनं दूध, दही, तूप सगळं सोडलं होतं आणि ती पार वाळली होती. तुम्ही विचारलंत, "तुम्ही दुधाचा चहा पिऊन पाजायचात तेव्हा बाळाला काही व्हायचं?" नाही. मग सोडायचं कारण नाही. अंगावरच्या दुधातून त्रास होत असेल तरच आईनं पथ्य पाळायचं. त्या दिवशी घरी येऊन तिनं आल्याचा चहा केला आणि सगळा स्वतः प्यायली, मला विचारलंसुद्धा नाही. बरं वाटलं बघून.

बंद फक्त दूध राहिलं, पण ते पक्कं बंद. त्यासाठी तुम्ही घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून आणायला लावलीत. टेबलावर ओतलीत आणि एकेक मागची बाजू वाचायला लावलीत. मला चष्मा पुसावा लागला, एवढी बारीक अक्षरं. बिस्किटात मिल्क सॉलिड्स. सूपच्या पाकिटात व्हे, म्हणजे दुधाची निवळी. "नॉन-डेअरी" लिहिलेल्या, चहात दुधाऐवजी घालायच्या पावडरीत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन! आपल्याकडे 2020 च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकिटावर दुधाचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो, तो कुठं शोधायचा हेही तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. बेकरीतल्या सुट्या खारी-टोस्टला लेबल नसतंच. तिथं मालकाला विचारायचं, आणि तो "थोडीशी पावडर असते" म्हणाला की निमूट परत फिरायचं.

शेळीच्या दुधाचा विषय तुम्ही एका मिनिटात संपवलात: प्रथिनं जवळपास सारखीच, त्यामुळे ज्याला गाईचं सोसत नाही त्या बहुतेक मुलांना शेळीचंही सोसत नाही. तुपातही प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून तेही तूर्त नको. लॅक्टोज-फ्रीचं उत्तर मात्र ह्यांच्या पोटातून निघालं. हल्ली दूध प्यायलं की ह्यांचं पोट फुगतं, गुडगुडतं, आणि "मलापण नातवाची ॲलर्जी लागली" असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. तुम्ही हसलात आणि सांगितलंत, तुमचं प्रकरण वेगळं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य बऱ्याच जणांत वयाबरोबर कमी होतं, साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते आणि तिथं वायू धरतो. त्रास होतो, पण जिवाला धोका नाही. दही आणि ताक बहुतेकांना चालतं, जेवणाबरोबर थोडं दूधही. नातवाचं भांडण साखरेशी नाही, प्रथिनाशी आहे. लॅक्टोज काढलेल्या दुधात ते सगळं तसंच असतं, आणि चमचाभरानंही त्याला त्रास होऊ शकतो. एकाच घरात दोघांना दूध सोसत नाही आणि दोघांचे नियम वेगळे! तेव्हापासून चहाच्या भांड्याचा चमचा पोराच्या वाटीत जात नाही, आणि ह्यांना दुपारी ताक मिळतं. तालमीची आठवण ताकावर भागवतात.

पांढऱ्या रश्शाचा प्रसंग तर मी सगळ्यांना सांगते. रविवारी मटण होतं आणि पोर पांढऱ्या वाटीकडे बोट दाखवून हट्टाला पेटलेलं. पांढरं म्हणजे दूध, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून ती वाटी कायम त्याच्यापासून लांब. तुम्हाला फोन केला तर तुमचा पहिला प्रश्न, "घालता काय काय?" नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू, मटणाचं अळणी पाणी. "मग यात दूध कुठाय? तीळ आणि काजू त्यानं आधी खाल्लेत, द्या की! हॉटेलातला नको, तिथं काय घालतील सांगता येत नाही." कोल्हापूरच्या पोराला पांढरा रस्सा मिळाला. याहून मोठं काय असतं हो?

कॅल्शियमचा हिशेबही तुम्ही फसवा होऊ दिला नाहीत. नाचणी आणि तीळ दिले की झालं, असं मी म्हणत होते. तुम्ही आकडे मांडलेत. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 360. पण एवढंसं पोर दिवसात नाचणी खाणार ती 30 ग्रॅम, म्हणजे जेमतेम 110, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. मोड आणून केलेलं सत्त्व जरा बरं. तेव्हा नाचणी ठेवा, तिळाची चटणी ठेवा, पण डॉक्टरांनी लिहून दिलेला खास फॉर्म्युला आणि कॅल्शियम सोडू नका. नारळाचं दूध रश्शात ठीक, बाटलीत नको, त्यात प्रथिन फार कमी. हे सगळं सांगताना कुठलाही डबा विकला नाहीत. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याच गल्लीत स्वतःला न्यूट्रिशनिस्ट म्हणवून पावडरीचे डबे खपवणारे आहेत. 2021 च्या कायद्यानं डाएटिशियनना आरोग्य व्यावसायिकांत धरलंय. पण पाटी बघून शिकलेलं कोण आणि विक्रेता कोण, हे अजून लोकांना कळत नाही. माझी साधी कसोटी सांगते: आधी पोर काय खातं ते विचारलं, की बसावं, आधी डबा दाखवला, की उठावं.

आता दूधसुद्धा हळूहळू परत येतंय. बहुतेक मुलांची ही ॲलर्जी मोठं होता होता जाते, असं डॉक्टर म्हणालेच होते. त्यांनी हॉस्पिटलात, स्वतःच्या देखरेखीखाली, भट्टीत भाजलेलं दुधाचं बिस्किट खाऊ घालून पाहिलं. नीट पचलं. पुढच्या पायऱ्या तुम्ही त्यांच्याशी बोलून आखून दिल्यात. दूध पायरीपायरीनं परत देण्याच्या परदेशी तक्त्यात मफिन आणि पॅनकेक होते. तुम्ही त्या जागी आमच्या स्वयंपाकघरातले पदार्थ बसवलेत. मला वाटलं होतं, दुधात मळलेली दशमी बिस्किटासारखीच. तुम्ही म्हणालात, "बिस्किट भट्टीत पंधरा-वीस मिनिटं असतं, दशमी तव्यावर दोन-तीन." दुधातली काही प्रथिनं जास्त वेळ उष्णता लागली की आपला आकार सोडतात आणि शरीराला ओळखू येत नाहीत. केसिन नावाचं दुधातलं प्रथिन मात्र उष्णतेला दाद देत नाही, म्हणून सगळ्याच मुलांना हे जमत नाही आणि घरच्या घरी प्रयोग करायचे नाहीत. दशमी वरच्या पायरीवर, खीर त्याहून वर, साधं दूध शेवटी. वाचणाऱ्यांनी ही शिडी इथून उतरवून घेऊ नये. प्रत्येक पोराची वेगळी असते आणि पहिली पायरी डॉक्टरांसमोरच.

अंबाबाईच्या देवळात प्रसादाचा पेढा नाकारताना पूर्वी जीव कसनुसा व्हायचा. आता पेढा हातात घेऊन ह्यांच्या हाती देते आणि पोराला खडीसाखर. बालवाडीसाठी तुम्ही करून दिलेलं कार्ड बाईंनी खाऊच्या कपाटावर चिकटवलंय: काय चालत नाही ते तीन ओळींत, आणि काय चालतं ते त्याखाली भलंमोठं. ते वाचून दोन आयांनी तुमचा पत्ता मागितला. एकीच्या पिशवीत तसाच लालभडक रिपोर्ट आहे. जिन्याखालची खोली कशी सापडते ते नीट समजावून सांगितलंय, आणि पाकिटांची पिशवी बरोबर न्यायलाही. गर्दी वाढली तर राग मानू नका.

पुढच्या खेपेला पनीरचं विचारायचं आहे. सुनेनं प्रश्न लिहून ठेवलेत, ह्यांचेही दोन आहेत, ते दोन्ही बासुंदीबद्दल.

तुमची,
नातवाची आजी, कोल्हापूर