चि. अनूस, वाईहून

वाई,
३ फेब्रुवारी

चि. अनूस अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी तू फोन मध्येच ठेवलास. "लिहिता यावं म्हणून तुम्ही औषध कमी करून घेतलंत ना बाबा?" एवढं म्हणालीस आणि पुढे तुला बोलवेना. आईच्या तोंडून तुला ते असं अर्धवट कळायला नको होतं. मीच आधी सांगायला हवं होतं. तुझा आवाज भरून आला की मला फोनवर काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसलो. आज केमोच्या दहाव्या सायकलचा, म्हणजे दहाव्या फेरीचा, नववा दिवस, माझ्या पंधरवड्यातला बरा दिवस. अक्षर बघ. वाचता येतंय ना?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

घटस्थापनेच्या दिवशी पहिली सायकल झाली ते तुला आठवत असेल. तेव्हा तू इथेच होतीस. बारा सायकल, दर पंधरा दिवसांनी. प्रत्येक वेळी पुण्याला डे केअरमध्ये आधी ऑक्सॅलिप्लॅटिन दोन तास, मग फाइव्ह एफयू. त्या दुसऱ्या औषधाचा मोठा भाग बाटलीत भरून घरी देतात. बाटलीत फुगा असतो, तो हळूहळू आकसतो आणि ४६ तासांत औषध गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत बसवलेल्या पोर्टमधून शिरेत सोडतो. बॅटरी नाही, आवाज नाही. तुझ्या आईने त्यासाठी जुन्या इरकलीच्या काठाचा बटवा शिवलाय. मी तो गळ्यात अडकवून घरभर फिरतो. झोपताना उशीखाली.

जाताना गाडी खंबाटकीच्या बोगद्यातून जाते आणि येताना घाटातून. सकाळी रिकाम्या हाताने बोगदा आणि संध्याकाळी ती बाटली छातीशी धरून घाटाची वळणं, हे मला आता इतकं सवयीचं झालंय की शेवटचं वळण संपून खालची शेतं दिसली की पोटातली मळमळ निम्मी होते. तिसऱ्या दिवशी इथल्याच दवाखान्यात सिस्टर सुई काढतात.

पहिल्या रात्री झोप येत नाही. उलटी होऊ नये म्हणून देतात त्या स्टेरॉइडमुळे डोकं लख्ख जागं राहतं. सुरुवातीला मी ती रात्र छताकडे बघत काढली. दुसऱ्या सायकलपासून टॅब घेऊन बसायला लागलो. पहाटे तीनला, आई झोपलेली, कृष्णेकडून गार वारा, आणि समोर पणजोबांच्या ट्रंकेतला जुन्या मोडी लिपीतला कागद. अनू, या आजारात मी मनापासून वाट पाहतो असा काही वेळ असेल, तर तो तोच. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र मी कुठलाच नसतो. तेव्हा वाचन नाही, बोलणं नाही. मऊ भात, तूप, मेतकूट, मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि अंथरूण. एकच ओळ तीन-तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. आधी त्याची भीती वाटायची, वाटायचं की हे असंच राहणार. आता ठाऊक आहे की आठव्या दिवशी सकाळी चहाला पुन्हा चहाची चव येते आणि मी माणसांत येतो. मग नवव्या दिवसापासून लिहायला बसायचं, तेराव्या दिवशी तपासणीसाठी रक्त द्यायचं.

ट्रंक मी उघडत नाही, ते तुझ्या आईने तुला शपथेवर सांगितलंय, आणि ते खरं आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, घरी काय करता? मोडी म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा धुळीचं विचारलं. पांढऱ्या पेशी खाली असताना जुन्या कागदांवरची बुरशी छातीत गेली तर महागात पडेल, म्हणाले. म्हणून शेजारचा ओंकार अंगणात मास्क लावून कागद बांधलेला रुमाल सोडतो, एकेक कागद फोटोत घेतो आणि परत बांधून ठेवतो. बाहेरच्यांचे कागद तर बंदच केलेत. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी लोक किती लांबून यायचे, तू पाहिलंयस. त्यांना दारातून परत पाठवताना वाईट वाटतं. फोटो पाठवा म्हणतो. पाठवतात. स्क्रीनवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हा फायदा मला आधी कधी सुचला नव्हता. भूमी अभिलेख खात्यात असताना कडई पत्रकं, म्हणजे जमिनीच्या जुन्या मोडी नोंदी, वाचायला भिंग लागायचं.

आता बोटांविषयी, कारण औषध कमी झालं ते त्यांच्यामुळे.

ऑक्सॅलिप्लॅटिनला गारवा सोसत नाही हे तू दिवाळीत बघितलंस. नळाचं सकाळचं पाणी हाताला लागलं की शॉक बसल्यासारखं व्हायचं. एकदा चुकून माठातलं पाणी प्यायलो, तर घसा आवळून श्वास अडकतोय की काय असं वाटलं. फ्रिजच्या मुठीला आईने तुझा जुना लोकरी मोजा चढवला. जेवायला बसलं की पहिल्या घासाला जबड्यात कळ यायची, दुसऱ्या घासाला नाही. टाकाची लोखंडी निब हातात धरवेना, म्हणून मी बोरूच्या लेखणीकडे वळलो. बोरू जाड, त्यावर सुती चिंधी गुंडाळली की पकड बरी बसते. टोक कापायचं काम ओंकारकडे. माझ्या हातात चाकू द्यायचा नाही असा घरात ठराव झालाय, कारण प्लेटलेट्स कमी असतात आणि कापलं तर कळणारही नाही.

हे गारव्याचं दुखणं चार-पाच दिवसांत ओसरायचं. पण सातव्या सायकलनंतर ते ओसरेना. पंधरावा दिवस आला तरी बोटांची टोकं जाड कापडात गुंडाळल्यासारखी. आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही, डॉक्टरांनाही नाही. डे केअरमध्ये विचारायचे, मुंग्या येतात का? मी म्हणायचो, थोड्या.

का लपवलं ते तुला सांगतो. मला वाटायचं, बारा म्हणजे बारा. बारा पूर्ण केले की तुझ्यापुढे, आईपुढे मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही असं होईल. खरं सांगितलं तर डोस कमी करतील आणि तो आजार तेवढ्या फटीतून परत येईल, ही भीती होती. तुला आज तीच भीती वाटतेय. म्हणून तुझ्या रागाचा मला राग आला नाही.

डिसेंबरच्या शेवटी आठवी झाली. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. एका संध्याकाळी गणपती घाटाकडे निघालो होतो, मास्क लावून, गर्दी नसताना. मागून एका मुलाने हाक मारली, "आजोबा, चप्पल!" माझी उजवी चप्पल चार पावलं मागे पडली होती आणि मला पत्ताच नव्हता. दुसरी गोष्ट वहीची. नोव्हेंबरातली नक्कल आणि जानेवारीतली नक्कल शेजारी ठेवली. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं सोडत जायची. नोव्हेंबरची ओळ वाहत होती. जानेवारीच्या ओळीत प्रत्येक अक्षराशी हात थांबलेला दिसत होता. कागद खोटं बोलत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या अक्षरांवरून मी माणसं ओळखली, ती म्हातारी होती की घाईत, हे सांगितलं. आपलं अक्षर बघून मला रडू आलं. आईने ते पाहिलं. शर्टाची बटणं ती महिनाभर लावून देत होती, अशक्तपणा आहे असं समजून. मग तिला सगळं सांगितलं.

नवव्या सायकलच्या दिवशी वही घेऊन गेलो. डॉक्टरांनी दोन्ही पानं बघितली. मग मला शर्टाची दोन बटणं काढून परत लावायला सांगितली. दुसरं बटण लागलं नाही. टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवलं, डोळे मिटून उचला म्हणाले. उचलता आलं नाही. पायाच्या बोटांना कंपनाचा चिमटा लावून बघितला. आणि मग म्हणाले, ऑक्सॅलिप्लॅटिन इथे थांबवायचं, फाइव्ह एफयू चालू ठेवायचं, बाराव्यापर्यंत.

आता नीट ऐक. मी मोडी लिहितो म्हणून त्यांनी ते थांबवलं नाही. मी विचारलं त्यांना, मी लिहिणारा नसतो तर? ते म्हणाले, ज्याला बटण लावता येत नाही आणि चप्पल सुटलेली कळत नाही अशा कुणाचंही थांबवलं असतं. त्या औषधाचे आठ डोस अंगात गेलेत, ते वाया जात नाहीत. आणि पुढे दिलं तर बोटं कायमची जाऊ शकतात. ते थोडे रागावलेही. दोन सायकल आधी सांगितलं असतंत तर डोस कमी करून बघता आला असता, म्हणाले. म्हणजे सगळं लपवून मी काही कमावलं नाही, असलेलं घालवलं. तुझ्यापासून लपवायला नको होतं ते यासाठीसुद्धा.

एक त्यांनी आधीच सांगून ठेवलंय, तेही सांगतो, नाहीतर नंतर घाबरशील. औषध बंद केलं तरी बधिरपणा दोन-तीन महिने वाढत जाऊ शकतो. मग बहुतेकांचा हळूहळू उतरतो, काहींचा थोडा राहतो. माझा सध्या आहे तिथेच आहे. गारव्याचं मात्र पुष्कळ कमी झालंय. संक्रांतीला बाटली निघाली त्या दिवशी तिळगूळ खाल्ला, पहिल्या घासाला कळ नाही. काल आई विसरून साधं पाणी देऊन गेली आणि मी पेलाभर प्यायलो. ती दारातून परत आली, मी रिकामा पेला दाखवला.

माझे केस विरळ झालेत, गेले नाहीत. या औषधांत बहुधा जात नाहीत. सोसायटीतल्या काकूंना त्यामुळे वाटतं की मला खरी केमो दिलीच नाहीये. त्यांनी आणि आणखी दोघांनी काढे सुचवले, एकाने साखर सोडायला सांगितली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही काढा घेतला नाही आणि साखर सोडली नाही. वजन घटू द्यायचं नाही हे त्यांचं पहिलं वाक्य आहे.

कृष्णाबाईचा उत्सव चालू झालाय. गर्दीत जायचं नाही म्हणून या वर्षी घाटावर नाही. पण संध्याकाळी खिडकी उघडली की कीर्तन थोडं थोडं ऐकू येतं. आई ऐकता ऐकता वाती वळते, मी वही उघडतो. शिरोरेघ मी आता पट्टीने आखून घेतो, एका दिवशी चार ओळी, जास्त नाही. डावा हात उजव्या मनगटाखाली आधाराला. बोटांना कळत नाही ते डोळ्यांनी बघून करायचं. हे पत्र तीन बैठकींत झालंय.

तू रोज फोन करतेस आणि काउंट किती, ताप आहे का, किती खाल्लं, हे विचारतेस. विचारत जा. ताप १००.४ च्या वर गेला तर लगेच दवाखाना, पिशवी दाराशी भरलेली आहे, सगळं ठरलेलं आहे. पण त्याच्यानंतर एकदा हेही विचार की आज काय वाचलं. ते कुणी विचारत नाही. आणि नोकरी सोडून येण्याचं जे तू आईजवळ बोललीस, ते नको. बाराव्या सायकलला ये, आठ दिवस रजा काढून. घाटातून येताना माझ्या शेजारी बस.

येण्याआधी एक काम कर. लहानपणी मी तुला मोडी शिकवली होती, थोडी तरी राहिली असेल. सोबत एका कागदाची प्रत ठेवलीय. शके १७८० चा आहे, म्हणजे १८५८. दोन भावांत बांधावरच्या आंब्यावरून वाद आणि पंचांनी दिलेला निवाडा. सगळा लागला, शेवटून दुसरी ओळ अडलीय. मोडीत शब्द तोडत नाहीत हे तुला माहीत आहेच. ओळ अशी आहे: "आंबातोडूनद्यावा". आता "आंबा तोडून द्यावा" की "आंबा तोडू न द्यावा"? जुन्या वळणाप्रमाणे "तोडोन" लिहिलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण या कारकुनाने उकार दिलाय. खालच्या ओळीला नेमकी कसर लागलीय, "...ड धाकट्याचे" एवढंच उरलंय. तिथे "झाड" असेल की "जोड"? तीन आठवडे मी त्यावर आहे. मला वाटतं झाड वाचलं. पण माझ्या वाचण्यात माझी इच्छा मिसळत असेल अशी शंका येते, म्हणून तू स्वतंत्र वाच आणि रविवारी सांग. आधी आईला विचारू नकोस, तिने तिचं मत ठरवलंय.

बहुत काय लिहिणे.

तुझे,
बाबा