क्यूआरवर माझंच नाव घालायला लावणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

तू मला मावशी म्हणायचीस आणि मी तुला ताई, पण वयानं तू माझ्या लेकीएवढीच. नोकरीसाठी बंगळूरला निघालीस त्या सकाळी मी मार्केट यार्डात होते. तू गाडीपाशी येऊन थांबलीस आणि भेट न होताच गेलीस. तेव्हा राहिलेलं आज बोलते आहे, मुलगा लिहून घेतोय. तुझं नाव घालत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण आपल्या कोथरूडच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी हे वाचावं असं वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

2020 चा दसरा नुकताच झाला होता. लॉकडाऊन उठला होता, पण लोक नोटेला हात लावायला घाबरत होते. ‘मावशी, फोनवर देऊ का?’ असं विचारायचे आणि मी नाही म्हटलं की पिशवी तशीच घेऊन पुढे जायचे. पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं अशी डोळ्यांसमोरून जाताना बघवत नव्हतं. मुलगा म्हणाला, माझ्या खात्याचा क्यूआर लावू. तू पालक निवडत होतीस. मान वर करून म्हणालीस, ‘धंदा मावशींचा, तर खातंही मावशींचंच पाहिजे.’ त्या एका वाक्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे.

माझं रुपे कार्ड पेटीत, लुगड्याच्या घडीत, पाकिटासकट पडलेलं होतं. खात्याला जोडलेला नंबर जुना, बंद पडलेला. तू कॉलेजचा अभ्यास सोडून माझ्याबरोबर बँकेत दोनदा रांगेत उभी राहिलीस. पिन टाकायची वेळ आली तेव्हा तोंड फिरवलंस आणि म्हणालीस, ‘मलासुद्धा सांगायचा नाही.’ उधारीच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलंस: पैसे यायला पिन लागत नाही. वही संपली, पुठ्ठा मी फाडून ठेवला आहे. पुढे एकदा एकानं फोन करून ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ म्हटलं, तेव्हा मी तो पुठ्ठा बघितला आणि फोन ठेवून दिला. एकीनं तर पैसे दिल्याचा जुनाच फोटो दाखवून दोन किलो टोमॅटो नेले होते. तेव्हापासून बोलणारा डबा घेतला. तो मराठीत रक्कम सांगतो, त्यामुळे तोलता तोलता मान वळवून फोन बघावा लागत नाही.

पण खरा फरक पडला तो यादीनं. पालेभाजी यार्डात शेकड्यावर मिळते. शंभर जुड्या उचलायच्या आणि किती खपतील ते देवाच्या भरवशावर सोडायचं. संध्याकाळी उरलेली मेथी पिवळी पडली की नफा तिथंच गेला. तू व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्टची यादी करून दिलीस, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती. मी ग्रुप करा म्हणत होते. तू म्हणालीस, ग्रुपवर सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि सकाळच्या फुलांच्या फोटोंत मावशींची भाजी हरवते. यादीतला मेसेज मात्र ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, हे कळल्यावर दोन दिवस तू माझ्या गाडीशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ‘भाजीवाल्या मावशी’ असं सेव्ह करून घेतलंस. लाज नाही, संकोच नाही.

फोटो कसा काढायचा तेही तुझंच शिक्षण. जुड्यांवर पाण्याचा हबका मारायचा, ऊन पाठीशी घ्यायचं, आणि बोट भिंगावर येतंय का ते आधी बघायचं. आता यार्डातनं टेम्पोत बसले की मेसेज जातो: आज चाकवत आहे, अंबाडी थोडीच आहे, लागणार असेल तर सांगा. मी पोचेपर्यंत निम्म्या जुड्या बोलून झालेल्या असतात. दुसऱ्या दिवशी काय आणि किती उचलायचं याचा अंदाज त्यावरनंच येतो. संध्याकाळची टोपली आता बहुतेक रिकामी असते.

पथारीवाल्यांना कर्ज देणाऱ्या सरकारच्या स्वनिधी योजनेचा फॉर्मही तूच भरलास. दहा हजार मिळाले. त्याआधी सकाळी उसने नऊशे घ्यायचे आणि रात्री हजार परत करायचे, असं किती वर्षं चाललं होतं ते तुला ठाऊक आहे. रोजचे ते शंभर वाचले. हप्ते वेळेवर फेडले, मग वीस हजार मिळाले. फोनवर पैसे घेतले की महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतही मिळायचे. रक्कम लहान, पण माझ्या नावावर जमा झालेली दिसायची.

नंतरचं सगळं तुला मेसेजमधनं कळलेलं नसणार. 2023 साली रस्त्याचं काम निघालं आणि आम्हा पथारीवाल्यांना जागा सोडावी लागली. मी दोन गल्ल्या पलीकडे, शाळेच्या भिंतीशी गाडी लावली. आमच्या धंद्यात जागा गेली की गिऱ्हाईक गेलं, हे मी सासूच्या वेळेपासून बघितलेलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी मेसेजमध्ये नवी जागा लिहिली, तू शिकवलेलं लोकेशन पाठवलं. साडेसातला जोशीकाकू काठी टेकत आल्या. म्हणाल्या, ‘सापडलात हो!’ भवानी त्यांचीच झाली. दुपारपर्यंत निम्मी ओळखीची माणसं आली होती. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

दहा मिनिटांत भाजी पोचवणारी ॲपं आता घराघरांत आहेत, आणि त्यानं धंदा कमी झालाच आहे. खोटं कशाला सांगू. पण ‘मावशी, उद्या संकष्टी, रताळी ठेवा’ असं आवाजात बोलून ठेवणारी माणसं माझ्याकडे आहेत. कोवळी भेंडी कुणाला आणि जून चालते कुणाला, ते मला माहीत आहे. हे सगळं मला येतच होतं, ताई. माणसांपर्यंत पोचायची वाट तेवढी बंद झाली होती, ती तू मोकळी केलीस.

यादीतनं तुझा नंबर मी काढलेला नाही. सव्वासहाला मेसेज जातो. तो दाबून धरला की कुणी वाचला ते दिसतं, हेही तूच दाखवलंस. रोज तुझं नाव तिथं असतं, बहुतेकदा वरतीच. काल चाकवत होता. तू वाचलंस ते मी बघितलं.

तुझी,
भाजीवाली मावशी