भाऊचा माऊ झाला, आणि एक विनंती

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा रविवारचा पेपर आमच्याकडे वाचून झाला की रद्दीत जात नाही, माझ्या टेबलावर येतो. त्यातले मोठे मथळे मी बटर पेपर टाकून गिरवतो. वय ५९, गेल्या वर्षी रिटायर झालो आणि आता हाताने ब्लॉक अक्षरं काढायला शिकतोय, सात-आठ महिने झाले. बायको म्हणते कॉम्प्युटरवर हजार फॉन्ट आहेत, हे काय घेऊन बसलात.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलो होतो तेव्हा भूमितीच्या पेपरातच अक्षरलेखन असायचं, त्यामुळे वाटलं की आपल्याला येतंच की. गणिताची चौकटीची वही आणली, पाच चौकटी उंची, एक चौकट जाडी, आणि इंग्रजी कॅपिटल दोन दिवसात बसली पण. ई, एफ, एच, एल, टी म्हणजे सरळ रेघाच, गोल अक्षरांचे कोपरे कापले की झालं काम. मग म्हटलं आता आपली मराठी घेऊ, आणि तिथे जी गाडी अडकली ती अडकलीच. कारण इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं आणि आपलं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यासारखं टोपीला, म्हणजे डोक्यावरच्या आडव्या रेघेला, लटकलेलं असतं. र म्हणजे हातरुमाल आणि ज्ञ म्हणजे डबलबेडची चादर, दोघांना सारख्या चौकटी कशा पुरणार? शिवाय पाचही चौकटी अक्षरानेच खाल्ल्या तर वेलांटी कुठे द्यायची आणि उकार कुठे? 'पूर्ती' हा एक शब्द काढून बघा, वर रफार, वर वेलांटी, खाली दीर्घ ऊकार. माझा ऊकार खालच्या ओळीच्या डोक्यात घुसला. आता मी अक्षराला पाच चौकटी, वर दोन आणि खाली दोन अशा आधीच सोडून ठेवतो, तेव्हा कुठे जरा श्वास घेता येतो.

खरी फजिती पुढे आहे. पुतण्याने पंक्चरचं दुकान टाकलं, त्याला सगळे भाऊ म्हणतात, तर म्हटलं पाटी मी रंगवतो. 'भाऊ, पंक्चर काढून मिळेल' एवढंच. चांगली इंचभर जाडीची अक्षरं काढली, आणि पेंटर लोक ओढतात तशी टोपी एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्लॅट ब्रशने ओढली. भ च्या डोक्यावरची फट बुजली, वरचा गोल वळसा रंगात बुडाला, आणि सकाळी शाळेची पोरं दुकानासमोरून म्याव म्याव करत गेली. आनंदीबाईंनी ध चा मा केला म्हणतात, मी भा चा मा केला. तेव्हापासून भ, ध, थ आले की पेन्सिलने आधी तिथे टोपी तुटल्याची खूण करतो मग बाकीचं. ध ची टोपी जोडली गेली तर त्याचा घ होतो हेही वहीत करून बघितलंय.

दुसरा धडा बायकोच्या दिवाळीच्या डब्यावर मिळाला. 'रवा लाडू' लिहिताना र आणि व जरा जवळ आले आणि लेबल झालं 'खा लाडू'. ती म्हणाली राहू दे, उलट खपतील. पण त्यातून कळलं की मधली जागा पट्टीने मोजून चालत नाही. 'गाणं' लिहिलं की ग चा दंड, काना, ण चा दंड अशी गजांची खिडकीच होते, तिथे अंतर जरा जास्त द्यावं लागतं, आणि ट, ठ, र ला पोटाशी आधीच मोकळी जागा असते म्हणून ती जवळ ओढावी लागतात. ठ चा गोल बाकीच्यांच्या बरोबर मापात काढला तर बारका दिसतो, केसभर खाली उतरवावा लागतो. आणि टोपी उभ्या दंडाएवढीच जाड काढली तर डोळ्याला जास्त जाड वाटते, म्हणून ती किंचित बारीक. हे सगळं आमच्या भागातल्या एका जुन्या पेंटरकाकांनी दाखवलं. त्यांचं काम आता फार थोडं उरलंय, बाकी सगळं फ्लेक्सवाल्यांकडे गेलं.

२०२२ मध्ये कायदा बदलला, २०२३ ला सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली, दुकानांच्या पाट्या मराठी झाल्या, बरं झालं. पण अक्षर बघा ना. जो फॉन्ट सापडला तो डावीकडून उजवीकडून ताणून बसवलेला, त्यात ल आणि श हिंदी वळणाचे. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श असं स्पष्ट सांगितलंय, पण ते फ्लेक्सच्या दुकानापर्यंत पोचलेलं दिसत नाही. एकेकाळी पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातीत अक्षररचनाकार कमल शेडगेंची अक्षरं असायची, नुसतं नाव बघून नाटक हसवणारं आहे की रडवणारं ते कळायचं आणि ते बघायला शाळेत जावं लागत नव्हतं, सकाळी चहाबरोबर घरीच यायचं.

म्हणून विनंती अशी की रविवारच्या पुरवणीत एक तळहाताएवढी जागा द्या. एक अक्षर, मोठं, मागे फिकट चौकटी, बस. खाली माहितीबिहिती नको, आम्ही गिरवू. फक्त अ पासून सुरू करू नका, नवशिक्याचा तिथेच धीर सुटतो (माझा सुटला होता), आधी ग, न, त, व घ्या, मग म आणि भ शेजारी शेजारी छापा. आणि ळ येईल तेव्हा जरा जास्त जागा द्या, दोन्ही गोल सारखे करायला गेलो की माझा ळ अजून चष्म्यासारखा दिसतोय.

आपला,
एक वाचक, कराड