काकांबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, फोनवर नीट बोलणं झालं नसतं म्हणून लिहितोय. काल ड्यूटी संपल्यावर दांडिया बाजारला तुमच्याकडे जाऊन आलो.

तू विचारलंस ऑपरेशन चांगलं झालंय तर बाबा असे गप्प का. कोलोस्टॉमीचं ऑपरेशन खरंच चांगलं झालंय, स्टोमा, म्हणजे शौच बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड, लालसर-ओलसर आहे, तसाच असायला हवा. पण त्यावरची पिशवी बदलताना काका सारखे पंख्याकडे बघत होते, पोटाकडे एकदाही नाही. पेशंट स्टोमाकडे बघतोय का, याच्यावर आम्ही नर्सिंगवाले लक्ष ठेवूनच असतो.

जेवण कमी केलंय ते भूक नाही म्हणून नाही रे, पिशवी कमी भरावी म्हणून. शिवाय गॅस सरला की आवाज होतो, तो काही केल्या दाबता येत नाही, त्याची त्यांना इतकी लाज वाटते की कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसतात. पूजा काकू करतात. "पोटाला हे लटकवून कसलं सोवळं" म्हणाले मला. आणि दरवर्षी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला जायचे ना, यंदा कारखान्यात नाही म्हणून कळवलंय. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

आम्हाला कॉलेजात कॅलिस्टा रॉय या अमेरिकन नर्सचं मॉडेल होतं, तिने ते १९७० साली मांडलं. तिचं म्हणणं, आजाराला माणूस चार अंगांनी तोंड देतो, शरीर, स्वतःबद्दलची कल्पना, घरादारातली भूमिका आणि आपल्या माणसांशी नातं. चार्ट मात्र फक्त शरीराचा भरला जातो. ज्यांना अख्खी शाळा ड्रॉइंगचे सर म्हणून ओळखायची त्यांना वॉर्डात सगळे "कोलोस्टॉमीवाले काका" म्हणायचे, आणि सूचना सगळ्या तुला नाहीतर काकूंना, ते समोर शुद्धीत बसलेले असताना! संताप येतो मला या सगळ्याचा.

म्हणून काल कात्री त्यांच्याच हातात दिली. वेफरचं, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं, भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठं हवं, जास्त झालं की कातडी सोलवटते, आणि सूज उतरत जाते त्यामुळे पहिले ६-८ आठवडे माप सारखं घ्यावं लागतं. म्हटलं, सर, गोल तुम्हीच काढा. चष्मा लावला, पेन्सिल मागितली, आणि माप घ्यायचं तर बघावंच लागतं, बघितलं. मग म्हणाले, कात्री बोथट आहे तुझी.

तर तू येशील तेव्हा एक चांगली बारीक टोकाची कात्री घेऊन ये. पिशवीला हात लावू नकोस, एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची हे त्यांना माहितीये, करू दे त्यांनाच. डॉक्टरांकडे गेलात की प्रश्न त्यांना विचारू दे. आणि आखणीचं आत्ताच काढू नकोस, कारखानावाल्यांशी मी बोललोय, ते मूर्ती घरी आणून द्यायला तयार आहेत, पण हो-नाही काका ठरवतील.

तुझा दोस्त