आमच्या सातवीकडून सर्पमित्र दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही शाळेत येऊन आमच्या मुलांना जे शिकवून गेलात, त्याचे आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र. इंग्रजी मीच शिकवते, पण 'पॉयझनस' आणि 'व्हेनमस' यांतला फरक इतक्या सोप्या बोलीत सांगितलेला मी आजवर ऐकला नव्हता. मराठीत आपण दोन्हींना विषारीच म्हणतो.

"चावून नाहीतर डंख मारून विष आत सोडते, ते व्हेनमस. खाल्लं नाहीतर अंगाला लागलं अन् बाधलं, ते पॉयझनस." एवढं सांगून तुम्ही पोरांना कामाला लावलंत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं एकीकडे गेले, विंचूही तिकडेच. धुऱ्यावरचा धोतरा, कुंपणाची कण्हेर, एरंडीच्या बिया दुसरीकडे. धामण मात्र कुठेच बसेना, कारण ती बिनविषारी. हे पटायला पोरांना जरा वेळ लागला.

मग मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "अन् फवारणीचं औषध?" तुम्ही रिकाम्या डब्याच्या लेबलाचा फोटो मोबाइलवर दाखवलात. लाल त्रिकोण, कवटी आणि खाली 'पॉयझन' हाच शब्द. ते श्वासातून, कातडीतूनही भिनतं, हे मुलांनी तिथंच वहीत लिहून घेतलं. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली. ते ज्या मुलांनी घरी ऐकलंय, त्यांना हा शब्द नुसता पाठ करायचा राहिला नाही.

साप चावल्यावर कडुनिंबाचा पाला, मिरची खायला देतात, त्यावरही तुम्ही स्पष्ट बोललात. दातातून अंगात गेलेल्या विषावर पोटातून काही देऊन उपयोग नाही. लस शिरेतूनच द्यावी लागते. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ती बनवतात आणि एकच लस त्या चारही सापांवर चालते, हे ऐकून मुलं थक्क झाली. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा, हे तुम्ही सांगितलंत म्हणून ऐकलं. आमचं ऐकतातच असं नाही.

कापूस वेचणीच्या आधी पुन्हा या, दादा. संध्याकाळची वेळ ठेवा, म्हणजे वावरातून परतलेल्या आईबापांनाही बसवता येईल. चहापाणी आमच्याकडे.

तुमची,
जि. प. शाळेतली इंग्रजीची बाई