फिटच्या औषधासोबत डोळ्यांच्या तपासणीची तारीखही लिहून द्या

प्रति,
मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : व्हिगाबॅट्रिन घेणाऱ्या रुग्णांच्या डोळ्यांची नियमित तपासणी

साहेब, सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचा नंबर काढणं आणि फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या घेराची तपासणी, घेणं हे माझं रोजचं काम. फिटवरच्या एका औषधामुळं नजरेला असलेला धोका आपल्या कानावर घालायचा आहे.

हे औषध म्हणजे व्हिगाबॅट्रिन. लहान बाळांच्या झटक्यांवर ते मोठ्या गुणाचं आहे. पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठल्या उठल्या मान पुढं टाकतं, दोन्ही हात फेकतं, काही सेकंदांनी पुन्हा तेच, अशी झटक्यांची माळच लागते. घरच्यांना वाटतं बाळ दचकतंय, पोटात दुखत असेल. हे झटके लवकर थांबले नाहीत तर बाळाची बौद्धिक वाढ मागं पडते. ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) असलेल्या बाळांना तर डॉक्टर सहसा आधी हेच औषध देतात. बाकीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या मोठ्या माणसांच्या फिटवरही ते वापरतात. तेव्हा औषध बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. हे पत्र वाचून कुणीही ते परस्पर थांबवू नये. एकदम सोडलं तर फिट उसळतात.

पण या औषधानं नजरेचा घेर कडेकडेनं कायमचा आकसू शकतो. १९९७ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. २००९ मध्ये अमेरिकेनं औषधाला परवानगी दिली तीच हा इशारा ठळक छापून. मोठ्या माणसांत ३० टक्के किंवा त्याहून जास्त जणांना हा त्रास होऊ शकतो, असं तिथलं माहितीपत्रक सांगतं. डोस जितका जास्त आणि औषध जितके दिवस चालू, तितका धोका वाढतो. गेलेला घेर परत येत नाही.

आणि रुग्णाला ते कळत नाही, साहेब. मधली नजर शाबूत असते. तक्त्यावरची शेवटची ओळ तो घडाघडा वाचतो, आपण ६/६ लिहून मोकळे होतो. फील्ड टेस्टला बसवलं की खरं समजतं. हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मधल्या दिव्यांना बटण वाजतं. कडेचे दिवे एकामागून एक लागून विझतात, बोट हलत नाही. असा माणूस दुकानाची पाटी लांबून वाचेल, पण बगलेतून येणारा उसाचा ट्रॅक्टर त्याला दिसणार नाही. तो मोटारसायकल चालवत असतो, म्हणून मला भीती वाटते.

अमेरिकेतल्या त्याच माहितीपत्रकात तपासणीचं वेळापत्रक आहे : सुरुवातीच्या चार आठवड्यांत एकदा, मग दर तीन महिन्यांनी, औषध बंद झाल्यावर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा. तपासणीनं नुकसान टळेलच असं नाही, पण ते लवकर कळतं आणि औषध पुढं चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना ठरवता येतं. बाळांत दोन ते चार आठवड्यांत गुण दिसला नाही तर औषध थांबवावं, असंही त्यात आहे. म्हणजे पुढच्या भेटीची तारीख चुकणं परवडणारं नाही.

बाळाची फील्ड टेस्ट होत नाही. त्याला ईआरजी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा विद्युत आलेख, लागतो, कधी गुंगी देऊन. चंदगड किंवा शाहूवाडीच्या आईनं लेकराला काखेत मारून त्यासाठी कुठं आणि किती दिवस हिंडायचं? ही सोय कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, ठरलेल्या वारी, मोफत मिळावी. सीपीआर वैद्यकीय शिक्षण खात्याकडं आहे, ग्रामीण रुग्णालयं आपल्याकडं, म्हणून दोन्ही खात्यांनी एकत्र बसल्याशिवाय हे होणार नाही. आपण याच जिल्ह्यातले, राधानगरी-भुदरगडच्या वाड्या-वस्त्यांची वाट आपल्याला माहीत आहे.

दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. व्हिगाबॅट्रिन लिहून देताना रुग्णाला एक कार्ड मिळावं : औषध कधी सुरू झालं, डोस किती, डोळे कधी तपासले, पुढची तारीख कोणती. खाजगी डॉक्टरांनाही तशी सूचना जावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत जातातच. फिटचं औषध घेणारं मूल दिसलं की त्यांनी कार्ड मागून बघावं.

टोपिरामेट या फिटवरच्याच दुसऱ्या औषधाबद्दल थोडंसंच. ते सुरू केल्यावर, बहुतेक पहिल्याच महिन्यात, काहींना अचानक अंधुक दिसतं, डोळा लाल होऊन ठणकतो. डोळे आले असतील म्हणून थेंब घालत बसलं तर काचबिंदूनं नजर जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठायला हवा. हेही त्या कार्डावर छापावं, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांकही.

कार्डाचा मसुदा करायला, फील्ड टेस्ट घेणाऱ्यांना शिकवायला माझ्यासारखे इथले लोक वेळ द्यायला तयार आहेत. जिल्ह्याच्या पुढच्या आरोग्य आढावा बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, कोल्हापूर